अडीच दिवसांचं ग्वाल्हेर आणि कानाची वही

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते. तुम्ही दोघं पुण्याहून येणार, हातात अडीच दिवस. वहिनींना किल्ला आणि मंदिरं बघायची आहेत. तुम्हाला निवृत्तीनंतर शास्त्रीय गाणं ऐकायचं वेड लागलंय, पण शिकणं काही झालेलं नाही आणि राग ओळखता येत नाही. ग्वाल्हेर घराणं म्हणजे काय, ते इथे येऊन उमगेल का, असं विचारलंत. शिवाय प्रवासात ऐकलेलं नवीन काही, तुमच्या शब्दांत ‘नवीन शोध’, वहीत लिहून ठेवता, पण महिन्याने वाचलं की त्यातून काहीच ऐकू येत नाही, त्यावर उपाय काय? आणि ऐकायचं ते स्पीकरवर की इअरफोनवर?

मी लष्करातली, म्हणजे ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातली. तीसेक वर्षं गाणं शिकवतेय, आणि पाहुण्यांना गाव दाखवणं हा आमच्या घरातला न संपणारा उद्योग आहे. माझ्या मराठीत मध्येच हिंदी डोकावेल, तेवढं चालवून घ्या.

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की नुसतं येऊन काही उमगणार नाही. एखाद्या मंगळवारी स्टेशनवर उतरलात तर कानावर हॉर्न पडतील, ख्यालगायन नाही. नदीच्या उगमाशी गेलं की करंगळीएवढी धार दिसते, तसं आमचं झालंय. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ हे गवई भाऊ इथे शिंद्यांच्या पदरी होते. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे राहून, कष्ट काढून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ही गायकी घेऊन दक्षिणेकडे परतले. मिरज, इचलकरंजी इथे त्यांनी शिष्य तयार केले. त्यांतले एक विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे तुमच्या पुण्यात ज्या क्लासांतून संध्याकाळी हार्मोनियम ऐकू येते, त्यांतल्या कितीतरी क्लासांचं मूळ इथल्या बोळांत आहे. इथेही गाणं टिकलं, नाही असं नाही. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथे विद्यालय काढलं, भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, राजाभैया पूछवाल्यांनी तिथे पिढ्या घडवल्या. पण ते घरांत आणि वर्गांत आहे, रस्त्यावर नाही. म्हणून ऐकायचं ते येण्याआधी ऐका आणि इथे जागा बघा. दोन्ही कामं एकाच वेळी करू नका. कानात इअरफोन घालून किल्ल्यावरचा मानमंदिर महाल बघणारी मंडळी मी दर हिवाळ्यात बघते. त्यांना ना दगड दिसतो, ना सूर ऐकू येतो.

येण्याआधी काय ऐकायचं? कमी ऐका. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी आठवडाभर एकच राग, तीन आवाजांत. मी हमीर सुचवीन. सुरुवात द. वि. पलुस्करांच्या जुन्या तबकड्यांपासून करा, हमीर मिळाला तर उत्तम, नाहीतर जो राग मिळेल तो. बापुराव, म्हणजे हेच द. वि., चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली गेले, पण मागे ठेवलेलं फार स्वच्छ आहे. त्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतलं गाणं मावायचं, आणि तेवढ्यात ते स्थायी (गाण्याचा पहिला भाग), अंतरा (दुसरा), थोडी आलापी, बोलतान (शब्द घेऊन केलेली तान), तान असं अख्खं घर दाखवून बाहेर पडतात. नवख्या कानाला तासाभराच्या ख्यालापेक्षा ही साडेतीन मिनिटं जास्त शिकवतात. त्यानंतर कृष्णराव पंडितांचं रेडिओवरचं ध्वनिमुद्रण घ्या. आवाज खडबडीत वाटेल, पहिल्यांदा कदाचित आवडणारही नाही. मलाही आवडायचा नाही. लहानपणी वडील रेडिओ लावायचे आणि मी अंगणात पळायचे. आता तो खडबडीतपणाच मला हवासा वाटतो. त्यात लयीशी जी झटापट चालते ती गोड गळ्यात लपून जाते. तिसरं मालिनी राजूरकरांचं काहीही, पण त्यात एक तरी टप्पा असू द्या. टप्पा मूळचा पंजाबकडचा, ग्वाल्हेरवाल्यांनी तो जिवापाड जपला. त्यात सूर एका जागी बसतच नाहीत, तव्यावर मोहरी तडतडावी तशा लहान लहान ताना उडत राहतात. मालिनीताई तो इतक्या सहज गायच्या की अवघड काय आहे ते कळायचंच नाही.

राग ओळखता येत नाही याची लाज बाळगू नका. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला शिकणारी मुलंही हमीर, केदार, कामोद, छायानट यांत गोंधळतात. चौघेही संध्याकाळनंतरचे, चौघांतही दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म), त्यामुळे तोंडवळा भावाभावांसारखा. मी त्यांना नाव सांगत नाही, चाल ओळखायला लावते. केदारात सा वरून थेट म वर उडी असते. हमीरात ग-म च्या खांद्यावर पाय देऊन माणूस ध वर चढतो आणि तिथे छाती काढून उभा राहतो. कामोदात रे वरून प वर झेप. छायानटात उलटं, प वरून रे वर घसरगुंडी. स्वरांची नावं ठाऊक नसली तरी चढला की घसरला, आणि कुठे थबकला, हे कोणालाही ऐकू येतं.

आता घराणं कुठे ऐकू येतं ते. तीन खुणा सांगते, एवढ्यावर पुष्कळ काम भागेल. ग्वाल्हेरचा गवई बंदिश आधी पुरी मांडतो. स्थायीपाठोपाठ अंतरा येतो, विस्तार मग. काही घराण्यांत अंतऱ्यासाठी वीस मिनिटं वाट बघावी लागते, क्वचित तो येतही नाही. दुसरी खूण लयीची. विलंबितसुद्धा इतकं संथ नसतं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गेली ते शोधावं. तिलवाडा तालाच्या सोळा मात्रा तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजू शकाल. मोजाच, गवई रागावत नाही. तिसरी खूण तानेची, सरळ सपाट तान. वरच्या सप्तकातून खालपर्यंत एका दमात, जिन्याच्या कठड्यावरून पोरगं सुळकन खाली यावं तशी. मधे बहेलावा असतो. आकारात, मींडेने (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत), झोके घेत स्वर पुढे सरकतात. तो शब्दांत सांगण्यापेक्षा ऐकलेला बरा, एकदा कळला की कान आपोआप त्याची वाट बघतो.

वहीचं आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कॉलेजात असताना दतियाहून बसने परत येत होते. पुढच्या सीटवरच्या काकांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर. कोणीतरी पुरुष गात होता, नाव आधीच सांगून झालेलं. घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: ‘अप्रतिम! अंगावर काटा!’ खाली तारीख, दोन रेघा. ते गाणं मला आजतागायत सापडलेलं नाही. सापडणार कसं? त्या पानावर गाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, जे होतं ते माझ्याबद्दल. गुरुजींना वही दाखवली तर ते म्हणाले, “काटा तुझ्या अंगावर आला, ठीक आहे. गाण्यात काय आलं ते कुठाय?”

तेव्हापासून वहीचं डावं पान पाहिलेल्याचं आणि उजवं ऐकलेल्याचं. उजव्या पानावर विशेषण लिहायचं नाही, हा नियम. त्यानंतरच्या वर्षीची एक नोंद जशीच्या तशी देते: ‘रात्री सव्वाआठ, मावशीकडे, रेडिओ. बाईचा आवाज, ठाशीव. मात्रा मोजल्या, सोळा. सम ‘ला’ वर. अंतरा तिसऱ्या आवर्तनाला आला. वर चढताना एकदम खालच्या पायरीवरून मधल्या पायरीवर उडी, परत परत. शेवटी तान तीनदा, तिसऱ्यांदा श्वास कमी पडला.’ बघा, यात राग नाही, कलाकार नाही, पण उडी आहे. चार महिन्यांनी गुरुजी केदार शिकवायला बसले आणि पहिल्याच ‘सा म’ला मला मावशीची खोली आठवली, पंख्याच्या आवाजासकट. तुम्हाला स्वरलिपी येत नाही तर चढउताराची रेघ काढा, नुसती पेन्सिलीची रेघ. सम कोणत्या अक्षरावर आली ते लिहा. अंतरा किती मिनिटांनी आला ते लिहा. आणि हे सगळं कलाकाराचं नाव शोधण्याच्या आधी लिहा. नाव कळलं की माणूस नावाला शोभेल असंच ऐकू लागतो, हा माझाही दोष आहे.

आता किल्ला.

सगळ्या गाड्या पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर नेतात. तुम्ही मात्र सकाळी सातला पूर्वेकडे, ग्वाल्हेर दरवाजाशी उतरा आणि पायी चढा. चढ उभा आहे, पण फरसबंदी आहे आणि टेकडी तीनशे फुटांच्या आसपासच, गुडघे बरे असले तर थांबत थांबत पाऊण तास. वहिनींचे गुडघे दुखत असतील तर त्यांना गाडीने वर पाठवा आणि वर भेटा, भांडू नका. या वाटेने गेलात तरच चतुर्भुज मंदिर लागतं, आणि गाडीने जाणारे नेमकं तेच चुकवतात. एका खडकात कोरलेलं, एवढंसं देऊळ. आतल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. कोणी देवाला बाग दिली त्याची नोंद आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा देवाला. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघायला गणिती लोक देशोदेशीहून येतात. मी तिथे दरवेळी दुसऱ्याच गोष्टीवर अडते. बाग गेली, फुलं गेली, माळी गेला, आणि रोज किती माळा ते अजून ठाऊक आहे. कोणी ‘विपुल पुष्पे’ असं लिहून मोकळा झाला असता तर?

चढाच्या तळाशी गुजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजरी राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधलेला. आता त्यात संग्रहालय आहे आणि सोमवारी कुलूप असतं. सात वाजता ते उघडलेलं नसणार, म्हणून उतरल्यावर बघा. ग्यारसपूरची शालभंजिका तिथे आहे. ती दाखवा म्हणून आवर्जून सांगावं लागतं, कारण कपाटासारख्या बंदोबस्तात ठेवलीय. एवढीशी मूर्ती, हात तुटलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात जे काही आहे ते बघायला वहिनींना दहा मिनिटं द्या. गाईड तुम्हाला इथे हमखास सांगेल की गुजरी तोडी हा राग या राणीच्या नावावरून आला. ऐकायला गोड आहे. पण जयदेवाच्या बाराव्या शतकातल्या अष्टपदींवर ‘गुर्जरी’ हे रागनाम आहे, आणि मानसिंह गादीवर आला १४८६ साली. तीनशे वर्षं आधी जन्मलेल्या नावाची ही राणी आई कशी होईल? गाईडशी वाद घालू नका, तो पोटापाण्याला आहे. त्या रात्री मुक्कामावर गुजरी तोडी आणि साधी तोडी एकापाठोपाठ ऐका. गुजरीत पंचम नाही. राग सकाळचा आहे हे खरं, पण आपण अभ्यासाला बसलोय, मैफिलीला नाही. पायऱ्या मोजत जाताना एक पायरी गाळलेली असावी तसं पावलाला जाणवेल.

मानमंदिरावर मी पानंच्या पानं लिहू शकते. बाहेरून निळ्या फरशांची बदकांची रांग दिसते, हत्ती दिसतात, केळीची झाडं दिसतात. त्या केळी नीट बघा. १५२८ च्या सप्टेंबरात बाबर इथे चक्क सहलीला आल्यासारखा आला होता, आणि त्याने रोजनिशीत या भिंतींवरच्या केळी टिपून ठेवल्यात. खालचे मजले अंधारे आहेत, मेणबत्त्या घेऊन हिंडलो, वारा येत नाही, अशी तक्रारही आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा पर्यटक, पण त्याची नोंद हातात घेऊन आजही महाल बघता येतो. त्याच माणसाने उरवाईच्या खडकातल्या जैन मूर्ती फोडायला लावल्या, आणि तेही तितक्याच थंडपणे लिहून ठेवलंय. उरवाईच्या बाजूने उतरलात तर त्या मूर्ती बघालच. पंधराव्या शतकातल्या, सर्वांत उंच सत्तावन्न फुटांच्या घरात. फोडलेले चेहरे पुढे काहींना परत घडवून बसवले, ते जोडकाम लगेच ओळखू येतं.

तर मानमंदिरात. आत दोन लहान चौक आहेत, भोवती खोल्या, खोल्यांना दगडी जाळ्या. गाईड टाळी वाजवून सांगेल की इथे राण्या जाळीआड बसून संगीत शिकायच्या. त्याची टाळी झाली आणि माणसं पुढे गेली की तुम्ही मागे थांबा. वहिनींना जाळीपलीकडे उभं करा आणि तुम्ही तोंड मिटून, खालच्या पट्टीत, नुसतं ‘म्म्’ करत राहा. बोललेले शब्द त्या दगडात विरघळतात, पण खालचा गुंजणारा सूर भिंतींतून आल्यासारखा परत येतो. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे खर्ज, म्हणजे अगदी खालचा सा, लावला तेव्हा पायऱ्यांवरचा चौकीदार उठून आत आला, रागवायला नव्हे, ऐकायला.

इथे ख्याल मनात आणू नका, तो अजून जन्मायचा होता. मानसिंहाच्या दरबाराचं गाणं म्हणजे ध्रुपद, आणि तेही संस्कृतात नाही, ब्रजला जवळ असलेल्या लोकांच्या भाषेत. नायक बक्षू हा गवई त्याच्या पदरी होता. संगीतावरचा जो ग्रंथ राजाच्या नावावर आहे तो सतराव्या शतकात फकीरुल्लाने फारसीत नेला. म्हणून किल्ल्यावरून परतलात की त्या दिवसाच्या उजव्या पानासाठी पंधरा मिनिटं ध्रुपद गाणाऱ्या डागरांचा आलाप ऐका. ख्यालाच्या आठवड्यानंतर तो ऐकला की पहिलं जाणवेल ते हे: तबला नाही, घाई नाही, आणि एकेक स्वर विहिरीत पोहरा सोडावा तसा हळूहळू खाली जातो.

सास-बहूची देवळं आणि तेली का मंदिर वरच आहेत. सास-बहू हे सहस्रबाहूचं बोली रूप, सासू-सुनेचा संबंध नाही. मोठं देऊळ १०९३ सालचं. आतल्या खांबांवरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघण्यासारखं. तेली का मंदिर त्याहून जुनं, शंभरेक फूट उंच, माथा दक्षिणेकडच्या गोपुरासारखा. मला ते बाहेरूनच आवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजीरा भाग. सूफी संत मोहम्मद गौसचा मकबरा प्रचंड आहे. चारही बाजूंनी दगडाच्या जाळ्या, आणि सकाळच्या उन्हात आत जमिनीवर पडणारी नक्षी. शेजारी, बागेत, एक उघडा चौथरा, वर खांबांवर पेललेलं छत. तो तानसेन. पहिल्यांदा येणारे दर वेळी विचारतात, “एवढंच?” हो, एवढंच. गुरू पक्क्या घरात, शिष्य ओट्यावर. जवळच चिंच आहे, तिची पानं खाल्ली की गळा गोड होतो असं म्हणतात. आताचं झाड मूळचं नव्हे, मूळचं कधीच गेलं, इतक्या गवयांनी ओरबाडल्यावर कोणतं झाड टिकेल? मीही परीक्षेच्या आदल्या दिवशी खाल्ली होती. दात आंबले, एवढाच गुण आला.

येणं डिसेंबरात जमत असेल तर तानसेन समारोहाला या. २०२४ साली त्याचा शंभरावा सोहळा झाला. रात्रीच्या सभांना मोठी नावं असतात, गर्दीही तशीच, आणि थंडी हाडांत शिरते, म्हणून कानटोपी घाला, पण कान उघडे ठेवून कशी घालायची ते तुमचं तुम्ही बघा. माझं मत विचाराल तर रात्रीपेक्षा पहिली सकाळ चुकवू नका. समाधीपाशी सनई होते, मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गायन. एका ओट्यापाशी कीर्तन आणि मिलाद एकामागून एक, आणि बसलेली माणसं तीच. त्या सकाळची हरिकथा मराठी माणसाला फार ओळखीची वाटते, कारण आपलं कीर्तनच हिंदी कपडे घालून आलेलं असतं. एक सभा बेहटला, तानसेनाच्या गावी होते, इथून पंचेचाळीस किलोमीटर. तिथलं महादेवाचं देऊळ तानसेनाच्या गाण्याने कललं म्हणतात. कललेलं आहे, हे मात्र खरं.

दुपारी लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ पडला, म्हणून गावाचं नावच लष्कर. महाराज बाड्यावर मधोमध उभं राहून गोल फिरा, एकेक इमारत वेगळ्या तऱ्हेची आहे. जयविलास महाल १८७४ चा. दरबार हॉलच्या झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन, ती टांगण्याआधी छत पेलेल का बघायला वर हत्ती चढवले होते अशी कथा, आणि जेवणाच्या टेबलावर पदार्थ फिरवणारी चांदीची आगगाडी. बघून घ्या, दोन तास पुरे. जीवाजीगंजात सरोद घर आहे, हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर. जुनी वाद्यं काचेमागे आहेत, ती बघताना तारांकडे बघू नका, हात जिथे टेकतो तिथलं झिजलेलं लाकूड बघा.

बाड्यावर चालताना एक माणूस डोक्यात ठेवा, विष्णुपंत छत्रे. सर्कसवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण घोड्यावर बसण्याची विद्याही ते ग्वाल्हेरात शिकले आणि गाणंही, हद्दू खाँकडे. पुढे सर्कशीत पैसा मिळाला तेव्हा गुरूंचा मुलगा रहिमत खाँ विपन्नावस्थेत आहे असं कळलं, तर त्याला त्यांनी शोधून आणला आणि सांभाळला. तंबूत वाघ-सिंह, आणि सोबत हा भ्रमिष्टासारखा वागणारा, पण गाऊ लागला की लोकांना वेड लावणारा गवई. रहिमत खाँसाहेब १९२२ साली कुरुंदवाडला गेले. जाण्याच्या थोडं आधी त्यांचा आवाज तबकड्यांवर घेतला गेला, म्हणून हद्दू खाँच्या घरातला सूर आपल्याला आज ऐकायला मिळतो. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर या आवाजाची केवढी छाया होती ते माहीत नसताना ऐकलंत तर तुम्ही म्हणाल, हे तर किराणा घराण्यासारखं आहे. मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं उजव्या पानावर, आणि मग गुरुजींनी बाण उलटा काढायला लावला. तुम्ही ‘नवीन शोध’ म्हणता ना, माझ्या लेखी शोध हाच. नवीन कलाकार सापडणं ठीक आहे, पण दोन जुने आवाज एकमेकांचे नातेवाईक निघतात तेव्हा मजा येते.

उरलेला अर्धा दिवस गावाबाहेर घालवा. पढावली, बटेश्वर, मितावली, तिन्ही मुरैना जिल्ह्यात आणि एकाच रस्त्याला, चाळीसेक किलोमीटरवर. बटेश्वरला दोनशेच्या आसपास लहान देवळांचा ढिगारा पडलेला होता, २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मदांनी एकेक दगड जुळवून ती उभी करायला घेतली. अजूनही बाजूला न जुळलेल्या दगडांच्या राशी आहेत, त्या मला उभ्या देवळांइतक्याच बघाव्याशा वाटतात. मितावलीला शंभरेक पायऱ्या चढून वर गोल देऊळ, चौसष्ट योगिनींचं, मधे मोकळा चौक. जुनी संसद याच्यावरून बेतली असं सगळे सांगतात. वास्तुकाराने हे पाहिलं होतं याचा पुरावा कोणी पुढे केलेला नाही, पण वरून बघताना कोणालाही तसं वाटेलच. एका भाड्याच्या गाडीवाल्याने आम्हाला ‘गाडी वरपर्यंत जाते’ असं सांगून भर मे महिन्यात नेलं होतं. जात नाही. सोबत पंचाहत्तरीच्या आत्याबाई होत्या. त्या खाली झाडाखाली बसल्या आणि संध्याकाळपर्यंत त्या गाडीवाल्याशी बोलल्या नाहीत. मे-जून टाळाच, पारा पंचेचाळिसावर जातो.

याच रस्त्यावर माझ्या वहीतलं सर्वांत लाडकं पान लिहिलं गेलं. चैत्र होता, पढावलीच्या अलीकडे फाटक बंद. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली, तीत करौलीच्या कैलादेवीला निघालेल्या पंचवीस-तीस बाया. लांगुरिया गात होत्या. हे देवीच्या यात्रेचं गाणं, आमच्या चंबळकाठच्या बायकांचं, भक्ती असते आणि चेष्टाही तितकीच. मी गाडीच्या बोनेटवर वही ठेवून लिहिलं: ‘ढोलक एक, टाळ दोन. पुढची बाई एकटी ओळ टाकते, बाकीच्या शेवटचे दोन शब्द उचलतात. पुढचीचा आवाज फाटतो तिथेच ती मुद्दाम जाते. स्वर चारच. पाचवा एकदाच आला, तेव्हा सगळ्या हसल्या.’ फाटक उघडलं आणि ट्रॉली निघाली. घरी येऊन चार स्वर पेटीवर वाजवून पाहिले तर शब्द सोडून सगळं जागेवर होतं. माझ्या विद्यार्थिनींना मी बोलतानेचा पहिला धडा आता या पानावरून देते, शब्द ढोलकावर कसा आपटायचा तो. पंडित मंडळी नाक मुरडतील, मुरडू देत.

तुम्हाला ट्रॉली भेटेलच असं नाही. पण फाटक बंद असलं की काच खाली करा.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. सकाळी बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची पातळ भाजी, वर जिलबी. किल्ला चढायच्या आधी नाही, उतरल्यावर. हिवाळ्यात मुरैनाची गजक, तिळाची, तोंडात ठेवली की भुगा होते. पुण्याला न्यायची असेल तर कडक डब्यात न्या, पिशवीत नेलीत तर चमच्याने खावी लागेल.

शेवटचं, स्पीकर की इअरफोन असं विचारलं होतंत. पलुस्कर, पंडितजी, मालिनीताई यांना खोलीत स्पीकरवर ऐका, थोडं लांब बसून. रहिमत खाँसाहेब मात्र इअरफोन लावून, रात्री, पंखा बंद करून. पहिल्या वेळी खरखरच ऐकू येईल. दुसऱ्या वेळी खरखरीमागे कोणीतरी गातंय असं वाटेल. वही तिसऱ्या वेळी उघडा.